अनोळखी नदीत नांगर टाकून रात्र कशी काढायची: नवख्यांसाठी सगळं सविस्तर

समुद्रातल्या आडोशाला नांगर टाकायची सवय झालेली माणसं पहिल्यांदा नदीत मुक्काम करतात तेव्हा खरा फरक त्यांना रात्री अडीच-तीनला कळतो. संध्याकाळी बोट समुद्राकडे पाठ करून उभी होती, आता ती समुद्राकडे तोंड करून उभी आहे, काठ वेगळ्याच बाजूला दिसतोय, साखळी बोटीखालून कुठेतरी घासतेय आणि डेप्थ साउंडरवर, म्हणजे खोली मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा निम्मा झालाय. काही बिघडलेलं नसतं, फक्त पाणी फिरलेलं असतं, म्हणजे भरती-ओहोटीने प्रवाहाची दिशा उलटलेली असते. म्हणून नदीच्या बाबतीत एकच गोष्ट डोक्यात पक्की बसवा, आत्ता बोट कुठे आहे हे बघून जागा ठरवायची नाही, रात्रीच्या सगळ्यात वाईट तासाला ती कुठे असेल, तिच्याखाली किती पाणी असेल आणि पाणी कुठून ओढत असेल हे बघून जागा ठरवायची. खाली जे सगळं लिहिलंय ते याच एका गोष्टीसाठी आहे.

निघायच्या आधी

पहिलं काम भरती-ओहोटीचं टेबल. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे मुखाजवळच्या भागात पाणी सव्वासहा तासांनी फिरणार, आणि रात्र धरली तर एकदा तरी फिरणारच, बऱ्याचदा दोनदा. तिथी बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा सगळंच सौम्य. पहिली नदी करत असाल तर भांगाचे दिवस धरा, हा माझा आग्रह आहे, कारण ओढ दुप्पट झाली की बोटीवरचा जोर चौपट होतो, तिप्पट झाली की नऊपट. एक नॉटचा (म्हणजे ताशी साधारण 1.85 किलोमीटरचा) प्रवाह आणि तीन नॉटचा प्रवाह यात नांगराच्या दृष्टीने एवढा फरक आहे.

टेबलमधली वेळ बहुतेक वेळा मुखाजवळच्या ठिकाणाची असते. तुम्ही जसजसे आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते आणि तिचा आकारही बदलतो, पाणी चढतं पटकन आणि उतरतं सावकाश, म्हणजे भरती चार-पाच तासांची आणि ओहोटी सात-आठ तासांची असंही होतं. त्यामुळे बारा भागांचा नियम, म्हणजे पहिल्या तासाला एक भाग, मग दोन, तीन, तीन, दोन, एक, हा मुखाजवळ ठीक चालतो पण आत गेल्यावर त्याच्यावर विसंबू नका. आणि भरती किती आत जाते याचा अंदाज आपल्याला नेहमी कमीच येतो, अमेझॉनमध्ये समुद्रापासून जवळपास 800 किलोमीटर आतपर्यंत भरतीचा परिणाम जाणवतो. पाणी गोडं लागलं म्हणजे भरती संपली असं अजिबात नाही.

काही नद्यांमध्ये उधाणाच्या दिवसात भरती भिंतीसारखी लाट होऊन आत येते, चीनमधली छ्यानथांग, इंग्लंडमधली सेव्हर्न, आणि अमेझॉनचा मुखाकडचा भाग ही माहितीतली उदाहरणं. तुमच्या नदीत असं होतं का हे आधी शोधा, होत असेल तर उधाणात तिथे मुक्काम नको, संपला विषय.

दुसरं, चार्ट, म्हणजे पाण्याची खोली दाखवणारे नकाशे. आडबाजूच्या नद्यांचे चार्ट जुने असतात किंवा मुखाच्या पुढे नुसता कोरा निळा पट्टा असतो. नदी दर पावसाळ्यात आपली वाळू हलवते, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीची खोली आज तिथे नसते. सॅटेलाइटचे फोटो डाउनलोड करून ठेवा, शक्य असेल तर ओहोटीच्या वेळचे, त्यात वाळूचे दांडे, वळणं, उपनद्या, मासेमारीचे खुंट सगळं दिसतं. तिथे नेट नसणार हे धरून चाला, सगळं ऑफलाइन हवं.

तिसरं, डोक्यावरचं. शिडाची बोट असेल तर डोलकाठीची पाण्यापासूनची उंची ॲन्टेनासकट पाठ हवी. नदीवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात, त्या मधोमध खाली झोळ खातात, आणि भरतीला तुम्ही त्यांच्या आणखी जवळ जाता. तारेला टेकायचीही गरज नसते, हाय व्होल्टेज थोड्या अंतरावरूनही उडी मारतं. उंचीची खात्री नसेल तर तारांच्या अलीकडेच मुक्काम करा.

आणि चौथं, वरच्या भागातला पाऊस. तुमच्या डोक्यावर कोरडं आकाश असताना नदी रात्रीत वाढू शकते कारण पाऊस शंभर किलोमीटर वर पडलाय. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात याची चौकशी करा. पाऊस झालेला असेल तर दोन-तीन दिवस थांबून जाणं कधीही चांगलं, नुसत्या पाण्यासाठी नाही तर त्याच्यासोबत येणाऱ्या ओंडक्यांसाठी.

मुखातून आत

बहुतेक नद्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो आणि बोटी धोक्यात येतात त्या बऱ्याचदा इथेच. आत शिरायचं ते भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, दिवसाउजेडी, समुद्र शांत असताना. ओहोटीचं पाणी बाहेर पडत असताना समोरून समुद्राची लाट येत असेल तर दांड्यावर उभ्या, तुटणाऱ्या लाटा तयार होतात, तेव्हा बाहेरच थांबा, कितीही उशीर होत असला तरी. बाहेरून बघताना लाटांची पाठ दिसते त्यामुळे त्या असतात त्यापेक्षा लहान वाटतात हे लक्षात ठेवा.

दांडा ओलांडला की पुढचा शोध चढत्या पाण्यावरच करायचा. चढत्या पाण्यावर गाळात टेकलात तर दहा मिनिटं थांबा, पाणी स्वतःच उचलून घेतं. पूर्ण भरतीला टेकलात, त्यातून उधाणाच्या पूर्ण भरतीला, तर पुढची भरती तेवढी चढेलच असं नाही आणि मग मुक्काम रात्रीचा न राहता पंधरा दिवसांचा होतो. म्हणून पूर्ण भरतीच्या आसपासच्या तासात अनोळखी उथळ भागात बोट घालायची नाही. वेळेचं गणित असं मांडा: भरतीच्या शेवटच्या दोन तासांत दांडा ओलांडायचा, आणि भरती वर सरकायला वेळ घेते त्यामुळे आत जाताना बराच वेळ पाणी चढतंच असतं, त्या वेळातच मुक्कामाची जागा गाठायची, म्हणून पहिल्या मुक्कामाची जागा मुखापासून फार लांब नको.

चार्टप्लॉटरवर, म्हणजे जीपीएस नकाशाच्या स्क्रीनवर, ट्रॅक चालू ठेवा. आत येताना काढलेली रेघ हीच तुमची रात्रीच्या अंधारात बाहेर पडायची वाट आहे, बाकी कुठल्याही चार्टपेक्षा ती विश्वासाची, कारण तिथून तुमचीच बोट गेलीये आणि किती पाणी होतं ते तुम्ही बघितलंय. खोली कमी झाली त्या जागांवर खूण करा, वेळ लिहून ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तिथे पाणी किती असेल हे काढता येतं.

एक छोटी गोष्ट, गोड्या पाण्यात बोट थोडी जास्त बुडते कारण समुद्राच्या पाण्याची घनता साधारण 1025 आणि गोड्या पाण्याची 1000 किलो प्रति घनमीटर असते. दहा टनाच्या बोटीला फरक सेंटीमीटरभर पडतो, घाबरायचं कारण नाही, पण इंचाइंचाचा हिशोब करत असाल तर तो धरा.

जागा कशी निवडायची

इथे घाई करू नका, सूर्य मावळायच्या किमान दोन तास आधी जागा शोधायला सुरुवात झाली पाहिजे.

नदी वळते तिथे बाहेरचा काठ खोल असतो कारण पाणी तिथे जोरात आपटतं आणि काठ खात जातं, आतला काठ उथळ कारण तिथे ओढ कमी आणि गाळ बसतो. नवख्या माणसाला बाहेरचा काठ आवडतो, खोल आहे ना. पण तिथे ओढ सगळ्यात जास्त, वरून येणारा प्रत्येक ओंडका तिथूनच जाणार, आणि काठावरची झाडं मुळं उघडी पडून पाण्यावर झुकलेली असतात, त्यातलं एखादं रात्री खाली येतं. नावांची ये-जाही तिथूनच. आतल्या बाजूला मात्र फार आत गेलात तर ओहोटीला चिखलात बसाल. मला स्वतःला पटते ती जागा म्हणजे सरळ पट्ट्यात, मुख्य प्रवाहाच्या जरा बाजूला, जिथे तळ सपाट आहे आणि काठापर्यंत भरपूर अंतर आहे. वळणाच्या लगेच पुढे किंवा मागे शक्यतो नको, कारण तिथे भरतीचा प्रवाह आणि ओहोटीचा प्रवाह वेगवेगळ्या वाटेने जातात आणि दोन्ही वेळा बोट कुठे लोंबेल ते सांगता येत नाही.

उपनदीचं किंवा ओढ्याचं तोंड बघून मोह होतो, आडोसा दिसतो. तोंडासमोर गाळाचा ढीग असतो, दोन प्रवाह मिसळतात त्यामुळे बोट गरगर फिरते, आणि वर पाऊस झाला तर सगळा कचरा तिथूनच येतो. तोंडापासून जरा वर किंवा खाली सरका. मासेमारीचे खुंट, जाळ्यांचे तरंगते डबे, होड्या बांधायचे बांबू दिसले तर ती कुणाची तरी रोजची जागा आहे, तिथून लांब. कुणी होडीतून जात असेल तर हात करा आणि विचारा, रात्री इथे थांबलं तर चालेल का, तुमची जाळी कुठे लागतात. भाषा येत नसेल तर हातवाऱ्याने होतं. आपण त्यांच्या कामाच्या जागेत पाहुणे आहोत, आणि त्या पाण्याबद्दल त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याच चार्टवर नसतं.

जागा पसंत पडली की लगेच नांगर टाकायचा नाही. डेप्थ साउंडर बघत त्या जागेभोवती हळू एक पूर्ण गोल मारा, बोट लोंबेल तेवढ्या त्रिज्येचा, आणि नदीच्या लांबीच्या दिशेने थोडा जास्त. अचानक उथळ होणारी जागा, पाण्याखाली अडकलेलं झाड, यातलं बरंचसं तेव्हाच कळतं. पाण्यावर एका जागी सतत उसळी किंवा व्ही आकाराची रेघ दिसत असेल तर तिथे खाली काहीतरी आहे असं समजा.

तळ कसा आहे हे कळायला जुनी पद्धत अजून बेस्ट आहे, शिशाच्या वजनाला खाली ग्रीस फासून दोरीने सोडायचं, वर आलं की चिकटलेलं बघायचं. चिकट चिखल आला तर उत्तम. पातळ रबरबीत गाळ आला तर नांगराला बसायला वेळ द्यावा लागेल. काहीच चिकटलं नाही तर खडक किंवा घट्ट कडक माती, जागा बदला.

साखळी किती सोडायची

इथे गडबड होते ती बहुतेक एकाच कारणाने, आत्ताची खोली धरली जाते. एक उदाहरण घ्या. डेप्थ साउंडर 4 मीटर दाखवतोय, आणि तो पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतोय की कीलखालून, म्हणजे बोटीच्या सगळ्यात खालच्या भागाखालून, हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे, आपण पृष्ठभागापासून धरू. अजून पाणी 2 मीटर चढणार आहे. साखळी ज्यावरून खाली जाते तो बोटीच्या नाकावरचा रोलर पाण्यापासून 1 मीटर वर. एकूण 7 मीटर. पूर्ण साखळी असेल तर पाचपट म्हणजे 35 मीटर. आत्ताच्या चार मीटरची पाचपट म्हणून 20 मीटर सोडली असती तर भरतीला ती तिपटीपेक्षाही कमी पडली असती आणि नांगर वरच्या बाजूला उपटला गेला असता. थोडी साखळी आणि पुढे दोरी असेल तर सातपट किंवा जास्त धरा. ओढ जोरात आहे किंवा वारा येणार आहे तर अजून सोडा, साखळी लॉकरमध्ये पडून काही कामाची नाही.

आता उलटा हिशोब, तो जास्त जण विसरतात. आत्ताच्या पातळीपासून पाणी दीड मीटर खाली जाणार असेल तर 4 मधून 1.5 गेले, राहिले 2.5. बोटीचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडालेली खोली, 1.8 मीटर असेल तर कीलखाली 70 सेंटीमीटर. सपाट चिखलावर हे चालेल, पण हे नांगराच्या जागी झालं. बोट लोंबून जिथे जाणार तिथेही 2.5 राहतात का? म्हणून तो गोल मारायचा.

लोंबण्याचा हिशोबही करून ठेवा. 35 मीटर साखळी आणि 12 मीटरची बोट म्हणजे मागचं टोक नांगरापासून जवळपास 45 मीटरवर. पाणी फिरलं की तेच टोक दुसऱ्या बाजूला 45 मीटरवर, म्हणजे नदीच्या लांबीत 90 मीटरचा पट्टा तुमचा. आडवा वारा असेल तर बाजूलाही. हे सगळं मोकळं हवं.

नांगराचं बोलायचं तर माझं मत स्पष्ट आहे, नदीसाठी नव्या पद्धतीचा, टोकदार आणि खोलगट पात्याचा नांगर घ्या, रोक्ना, स्पेड, मँटस वगैरे पठडीतला, आणि बोटीच्या लांबीला जो सांगितलाय त्याच्यापेक्षा एक साइज मोठा. डॅनफोर्थ, म्हणजे दोन सपाट पात्यांचा नांगर, चिखलात अतिशय छान धरतो पण ओढ एकाच बाजूने असेल तर. पाणी फिरून तो उपटला गेला की पात्यांमध्ये चिखल किंवा फांदी अडकून किंवा साखळी नांगराच्या दांड्याला गुंडाळून तो परत नीट बसेल याचा भरवसा नाही. सीक्यूआर हे फाळाच्या आकाराच्या नांगराचं 1933 सालचं डिझाइन, अजून पुष्कळ बोटींवर आहे, त्याने भागतं पण मऊ गाळात तो शेतातल्या नांगरासारखाच नांगरत जातो.

नांगर टाकताना

प्रवाहाकडे तोंड करा. वारा आणि प्रवाह वेगळ्या दिशेचे असतील तर ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे, आणि कुणाचा जास्त हे कळायला बोट न्यूट्रलमध्ये सोडून मिनिटभर बघा ती कुठे वाहते. जीपीएसवर जमिनीशी वेग शून्य झाला पाहिजे, पाण्याशी नाही. मग नांगर खाली सोडा, धाडकन नाही, तळाला लागला की बोट प्रवाहाने हळूहळू मागे जायला लागेल तशी साखळी सोडत राहा म्हणजे ती तळावर पसरत जाते, ढीग होत नाही. ओढ जोरात असेल तर बोट वेगाने मागे जाते, तेव्हा इंजिन हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवून वेग आवरा.

सगळी साखळी गेली की लगेच जोरात रिव्हर्स मारू नका. मऊ गाळात नांगराला पंधरा-वीस मिनिटं द्या, तो स्वतःच्या वजनाने आणि हलक्या ओढीने खाली बसतो. मग रिव्हर्स हळूहळू वाढवत न्या, हात किंवा पाय साखळीवर ठेवा. नांगर धरलेला असेल तर साखळी ताणून एकसंध राहते, घसरत असेल तर थरथर आणि गचके हाताला कळतात. काठावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, पुढे एक झाड मागे एक झाड, रेष तुटली नाही म्हणजे बोट हलत नाहीये.

साखळीचा ताण विंडलसवर, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्रावर, ठेवायचा नाही. नायलॉनची दोरी हुकने साखळीला लावून क्लीटला (डेकवरच्या दोरी बांधायच्या खुंटीला) बांधा, म्हणजे स्नबर. बारा मीटरच्या आसपासच्या बोटीला 12 ते 14 मिलिमीटरची दोरी ठीक. ती ताणली जाते त्यामुळे झटके नांगरापर्यंत जात नाहीत आणि रात्रभर केबिनमध्ये साखळीचा खडखडाट होत नाही. आणि लॉकरमधलं साखळीचं शेवटचं टोक बोटीला दोरीनेच बांधलेलं हवं, डेकवर येईल एवढ्या लांबीच्या, म्हणजे वेळ आलीच तर सुरीने कापून मोकळं होता येतं.

ट्रिप लाइन, म्हणजे नांगराच्या डोक्याला बांधलेली वेगळी दोरी, बुडालेल्या झाडांच्या नदीत उपयोगी. पण तिला वर तरंगता बोया लावला तर जोरदार प्रवाहात तो पाण्याखाली जातो, पाणी फिरताना बोट त्याच्यावरून जाते आणि दोरी पंख्यात गुंतते. त्यापेक्षा ती दोरी साखळीला थोड्या अंतरावर बांधून टाका, साखळी वर घेताना हातात येते.

पाणी फिरतं तेव्हा काय होतं

हा भाग नीट समजून घ्या, सगळं इथेच ठरतं.

ओहोटी मंदावते, बोट सैल पडते, मग काही मिनिटं कुठलीच ओढ नसते आणि बोट वाऱ्याच्या ताब्यात जाते. मग उलटी ओढ सुरू होते, बोट नांगरावरून मागे सरकत साखळी घेऊन दुसऱ्या बाजूला जाते आणि साखळी ताणली की नांगरावर उलट दिशेने जोर येतो. आता नांगर एकतर जागेवर फिरतो, किंवा उपटून परत बसतो. चांगला नांगर मीटर-दोन मीटरमध्ये परत बसतो. खराब नांगर किंवा कमी साखळी असेल तर तो बसतच नाही आणि बोट निघते.

म्हणून पहिल्यांदा पाणी फिरेल तेव्हा तुम्ही जागे असायला हवं, डेकवर, टॉर्च घेऊन. अर्धा तास आधीचा गजर लावा. भरती पूर्ण व्हायची वेळ आणि प्रवाह फिरायची वेळ एकच असते असं समजू नका, नदीत पातळी उतरायला लागल्यावरही काही वेळ प्रवाह आत वाहत असतो. बोटीजवळून जाणारं पान किंवा फेस बघा, तेच खरं घड्याळ. बोट पूर्ण फिरली, साखळी ताणली, रेषेतल्या खुणा परत जुळल्या की मग झोपा. पहिलं फिरणं नीट पार पडलं तर पुढच्यांचं निम्मं टेन्शन जातं, पूर्ण नाही.

वारा प्रवाहाच्या उलट असेल तर बोट विचित्र वागते. कीलला प्रवाह ओढतो आणि वरच्या भागाला वारा ढकलतो, त्यामुळे बोट नांगराच्या पुढे निघून जाते, आडवी होते, साखळी पोटाखाली जाऊन कीलला किंवा सुकाणूला घासते. सुकाणू मधोमध बांधून ठेवा, कधी कधी थोडं एका बाजूला वळवून बांधलं तर बोट एका बाजूला शांत उभी राहते, करून बघावं लागतं. मागे छोटं शीड लावता येत असेल तर वाऱ्याच्या वेळी मदत होते. कॅनव्हास, छत, उभ्या केलेल्या वस्तू काढून वाऱ्याला मिळणारं अंग कमी करा. हे असं तासभर चालतं आणि प्रवाह जोर धरला की आपोआप थांबतं, त्यामुळे आवाज ऐकून घाबरून नांगर उचलायची गरज नसते, फक्त लक्ष ठेवा.

दोन नांगर टाकायची पद्धत आहे, एक प्रवाहाच्या वर, एक खाली, म्हणजे बोट मधल्या मध्ये फिरते आणि जागा कमी लागते. अरुंद नदीत ती कामाची आहे पण नवख्यांनी सुरुवातीला करू नये असं मला ठामपणे वाटतं. दोन-चार वेळा पाणी फिरलं की दोन्ही साखळ्यांना पीळ पडतो, आणि रात्री घाईने निघायची वेळ आली तर दोन नांगर आणि पिळलेल्या साखळ्या घेऊन तुम्ही अडकता. त्यापेक्षा रुंद जागा शोधा. मागून झाडाला दोरी बांधायची आयडिया तर मुख्य पात्रात अजिबात नको, बोट प्रवाहाला आडवी सापडली तर तो जोर कुठलाच नांगर पेलत नाही. प्रवाह नसलेल्या आतल्या ओढ्यात चालेल.

भरतीच्या हद्दीच्या वर गेलात तर पाणी फिरत नाही, ओढ कायम एका दिशेची, नांगर एकदा बसला की बसला. तिथे प्रश्न पातळीचा आणि वाहून येणाऱ्या गोष्टींचा. काठाला एक खुणेची काठी रोवा आणि झोपायच्या आधी व उठल्यावर बघा. पाणी वाढतंय, गढूळ होतंय, वर फांद्या दिसायला लागल्यात, तर कितीही वाजलेले असोत, लोकांना उठवा.

रात्र

दिवे. समुद्रावरच्या टकरी टाळायच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांमधला नियम 30 सांगतो की नांगरलेल्या बोटीवर चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा हवा, दिवसा काळा गोळा. आणि नियम 9 सांगतो की अरुंद जलमार्गात शक्यतो नांगर टाकूच नये, म्हणून बार्जेस आणि फेऱ्या जातात त्या पट्ट्याच्या बाहेर राहा. पण नुसता डोलकाठीच्या टोकावरचा दिवा नदीत पुरत नाही. छोट्या होडीत खाली बसलेल्या माणसाला तो ताऱ्यांमध्ये मिसळतो. डेकच्या उंचीवर एक मंद दिवा अजून लावा, पुढे किंवा मागे, बोटीचं अंग दिसेल असा. किडे येतात हे खरं, त्यासाठी दिवा केबिनच्या दारापासून लांब ठेवा. जाळ्या संध्याकाळ व्हायच्या आधीच बंद, डास उजेड जायच्या वेळी सगळ्यात जास्त असतात, आणि नदीकाठच्या पुष्कळ भागात मलेरिया आहे त्यामुळे गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी निघायच्या आधी बोलून घ्या.

अँकर अलार्म लावताना केंद्र नांगराच्या जागेवर हवं, बोटीच्या सध्याच्या जागेवर नाही. नांगर टाकला त्या क्षणी खूण केली असेल तर सोपं. बोटीच्या जागेवर केंद्र ठेवून लहान त्रिज्या दिली तर पाणी फिरलं की अलार्म उगाच वाजणार, मग माणूस कंटाळून बंद करतो आणि खरंच बोट घसरते तेव्हा कळत नाही. वरच्या उदाहरणात 50-55 मीटरची त्रिज्या ठीक. सोबत डेप्थ अलार्म पण लावा.

डिंगी, म्हणजे सोबतची छोटी होडी, वर उचलून ठेवा. मागे बांधून ठेवली तर पाणी फिरताना ती बोटीला आपटत राहते, आणि वाहत आलेली फांदी तिच्यात अडकते. डिंगीतून कुठे जायचं असेल तर वल्ही, छोटा नांगर आणि हँडहेल्ड व्हीएचएफ (हातात धरायचा रेडिओ) नेहमी सोबत, कारण मोटर बंद पडली तर दोन नॉटच्या प्रवाहाविरुद्ध वल्हवून परत येणं बहुतेकांना जमत नाही. बोटीच्या मागे एक लांब दोरी टोकाला फ्लोट बांधून सोडून ठेवा, कुणी पाण्यात पडलं तर पकडायला काहीतरी हवं. रात्री डेकवर एकट्याने जाताना लाइफ जॅकेट घालायचंच, अंधारात प्रवाहाने माणूस दोन मिनिटांत नजरेआड जातो. मगरी असलेल्या नदीत पोहणं नाही, हातपाय पाण्यात सोडून बसणं नाही, आणि मासे साफ करून घाण बोटीशेजारीच टाकणं तर नाहीच.

ओंडके आणि वनस्पती साखळीवर अडकतात. जलपर्णीचा मोठा तुकडा येऊन बसला तर ओढ इतकी वाढते की धरलेला नांगरही सुटतो. लांब बांबू किंवा बोटहुक हाताशी ठेवा, जमा झालेलं लगेच बाजूला सारा, मोठं व्हायची वाट बघू नका. ओंडका आडवा बसला असेल तर थोडी साखळी सोडा आणि सुकाणू एका बाजूला वळवा, बोट तिरकी झाली की बऱ्याचदा तो निसटून जातो. पाण्याखाली हात घालून ओढत बसू नका.

आणि बोट घसरायला लागलीच तर क्रम असा: इंजिन चालू, हळू पुढच्या गिअरमध्ये साखळीवरचा ताण कमी, मागे जागा असेल तर अजून साखळी सोडा. बऱ्याचदा एवढ्यानेच धरतो. नाही धरला तर उचलून आधी हेरून ठेवलेल्या दुसऱ्या जागी, आत येतानाच्या ट्रॅकवरून. यासाठी झोपायच्या आधी किल्ली जागेवर, डेक मोकळं, टॉर्च ठरलेल्या ठिकाणी आणि कोण काय करणार हे बोलून झालेलं हवं.

सकाळी

नद्यांवर पहाटे धुकं येतं, काठ दिसत नसेल तर थांबा, चहा घ्या, निघायची घाई नको. इंजिन चालू करण्याआधी ते थंड करायला बाहेरून पाणी घेतो तिथला फिल्टर उघडून बघा, त्यात पानं आणि गाळ भरलेला असतो, आणि इंपेलर, म्हणजे ते पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, गाळाने लवकर झिजतो म्हणून एक-दोन जास्तीचे जवळ ठेवा. वॉटरमेकर (खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र) गढूळ पाण्यात चालवू नका, फिल्टर जातो.

नांगर उचलताना इंजिनने हळू पुढे जात साखळी सैल करायची आणि मग गोळा करायची, विंडलसने बोट ओढायची नाही. चिखलात खोल बसलेला नांगर सुटायला वेळ घेतो, साखळी उभी करून बांधून ठेवा आणि काही मिनिटं थांबा, बोटीच्या उचलण्याने तो सुटतो. झाडात अडकला असेल तर जोर करण्यापेक्षा पाणी फिरायची वाट बघा, उलट्या दिशेने तो बऱ्याचदा सहज निघतो. साखळी वर येताना बादली आणि ब्रशने धूत धूत घ्या, तसाच चिखल लॉकरमध्ये गेला तर दोन दिवसांत वास केबिनपर्यंत येतो.

निघायची वेळ दांड्यावरून उलटी मोजा. दांडा शक्यतो भरती पूर्ण व्हायच्या थोडं आधी ओलांडायचाय, म्हणजे मुखापर्यंतचा शेवटचा टप्पा चढत्या पाण्याविरुद्ध जाणार, वेग कमी पडणार, ते धरून निघा. दुपारी समुद्रावरचा वारा वाढायच्या आत ही भरती मिळत नसेल तर त्याच जागी अजून एक रात्र काढा, नांगर धरतो हे तर आता माहीत झालेलंच आहे.